गुडघा दाखवून मिळवलेलं कॉन्सलपद

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी रोमन प्रजासत्ताकाची कॉन्सल म्हणून निवडून आले. त्या दिवशी मी इतकी हसले की घरी आल्यावर बरगड्या शेकत बसावं लागलं.

आम्ही राहतो त्या गावाचं नावच मुळी स्टेट कॉलेज. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, एका मोठ्या विद्यापीठाभोवती वाढलेलं गाव. मी इथल्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं भूल देणारी डॉक्टर होते आणि आमचे हे रस्ते-पुलांचे इंजिनिअर. दोघं एकाच वर्षी रिटायर झालो, ही आमची मोठी चूक. पहिल्याच हिवाळ्यात डिशवॉशरमध्ये वाट्या उभ्या लावायच्या की आडव्या, यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, प्लीज, गो फाइंड समथिंग टू डू. बोथ ऑफ यू!"

साठीच्या पुढच्या माणसांना, वर्गात जागा असेल तर, विद्यापीठ नुसतं बसू देतं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मला खरं तर वॉटरकलर शिकायचं होतं, पण तो वर्ग भरलेला होता. प्राचीन रोममधला समाज आणि राजकारण, या विषयाला एक खुर्ची शिल्लक होती. शिवाय वर्ग तळमजल्यावर होता. माझा उजवा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे जिने चढायचे नाहीत एवढ्या एका मुद्द्यावर मी रोमन झाले.

शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, चणीनं लहानशा, आणि बोलताना टाचा उचलून उचलून बोलणाऱ्या. वर्गात वीस-एकवीस वर्षांची चौतीस मुलं आणि पस्तिसावी मी. दुसऱ्याच आठवड्यात बाई लोकरीची टोपी उलटी धरून बाकांमधून फिरल्या. टोपीत चिठ्ठ्या होत्या. "सत्र संपेपर्यंत तुम्ही हे आहात," त्या म्हणाल्या. कुणी बेकरीवाला निघाला, कुणी चांभार, कुणी ऑलिव्हच्या बागांचा मालक. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'नवा माणूस'.

"म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"म्हणजे ज्याच्या घराण्यात आजवर कुणी कॉन्सल झालेलं नाही, असा माणूस," बाई म्हणाल्या. "रोममध्ये दर वर्षी दोन कॉन्सल निवडायचे. त्यांच्या वर कुणी नाही. आणि जुनी घराणी नव्या माणसाला सहसा तिथे पोचू द्यायची नाहीत. खऱ्या रोममध्ये बायकांना ना मत होतं ना उभं राहता येत होतं. माझ्या रोममध्ये सगळ्यांना सगळं आहे. तेव्हा तुम्ही उभ्या राहताय."

मी घरी आले आणि दारातूनच ओरडले, "अहो, मी निवडणुकीला उभी आहे!"

हे सोफ्यावरून ताडकन उठले. त्यांना वाटलं मंडळाची निवडणूक. आमच्या छोट्याशा मराठी मंडळात हे एकदा अध्यक्षपदाला उभे राहून पडले होते आणि तेव्हापासून त्यांनी राजकारण हा शब्द टाकला होता. रोमची आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग हळूच म्हणाले, "विरोधात कोण?"

विरोधात दोघं होते. एक उंच मुलगी, विद्यापीठाच्या पोहण्याच्या टीममधली, बोलण्यात चाकूसारखी. तिच्या चिठ्ठीवर रोममधलं सर्वांत जुनं घराणं आलं होतं. दुसरा, थंडी असो पाऊस असो, काउबॉय बूट घालणारा एक मुलगा. तो ऑलिव्हच्या बागांचा मालक होता आणि तसाच चालायचा. जागा दोन, उमेदवार तीन.

बाईंनी सांगितलं की रोमन उमेदवार टोग्याला, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या त्यांच्या वस्त्राला, खडूची पूड चोळून तो पांढराशुभ्र करायचे आणि गर्दीत फिरून लोकांचे हात हातात घ्यायचे. कँडिडेट हा शब्दच त्या पांढऱ्यावरून आला म्हणे. मी लगेच कपाटातून माझी पांढरी साडी काढली. यांनी ती पाहिली मात्र!

"अगं, मी बसलोय ना इथे! जिवंत!"

"अहो, प्रचाराला नेसतेय."

"कशालाही नेस. मी असेपर्यंत ही नेसून तू घराबाहेर पडणार नाहीस."

शेवटी यांनीच स्वतःचं सत्यनारायणाला नेसायचं सुती धोतर काढलं. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून, पुलाचा आराखडा करावा तसा कागदावर आराखडा केला, आणि पँट-स्वेटरवरून ते माझ्याभोवती गुंडाळून सात सेफ्टी पिनांनी पक्कं केलं. खडू घरात नव्हता. दिवाळीच्या खोक्यात पांढरी रांगोळी होती, ती चोळली. मी कॅम्पसच्या बसमध्ये बसले तेव्हा शेजारची मुलगी खोकायला लागली. उतरताना पाहिलं तर सीटवर माझ्या आकाराचा पांढरा ठसा. त्या दिवशी मी ज्यांचे ज्यांचे हात धरले, त्या सगळ्यांच्या बाह्यांवर पाच बोटं उमटली. पण त्याचा फायदा असा झाला की दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं, कुणाकुणाला भेटून झालंय.

पहिल्या दिवशी मी चिवड्याचा डबाही नेला होता. बाईंनी तो उघडायच्या आतच हात वर केला. "स्वतःच्या गटाला जेवू घातलं तर चालतं. सगळ्यांना वाटलंत तर ती लाच. रोमन कायदा!" उंच मुलगी म्हणाली, "मी खटला भरीन," आणि डब्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिची दयाच आली. हे मला न्यायला आले, तेव्हा तो चिवडा आम्ही दोघांनी गाडीत बसून संपवला.

आता यांच्याबद्दल. रोमन उमेदवाराबरोबर एक माणूस असायचा. समोरून येणारा कोण, त्याचं नाव काय, घरी काय चाललंय, हे त्यानं मालकाच्या कानात पुटपुटायचं, म्हणजे मालक जुनी ओळख असल्यासारखा बोलणार. हे ऐकून मी बाईंना विचारलं, "माझ्या मिस्टरांना आणू का?" त्या टाचांवर उडाल्याच जवळजवळ. "आणा, आणा!"

आमचे हे गणपतीच्या आरतीला येणाऱ्या काकूंना वीस वर्षं चुकीच्या नावानं हाक मारणारे गृहस्थ. पण इथे त्यांना काम मिळालं होतं. दोन आठवडे ते शेवटच्या बाकावर बसले आणि पस्तीसपैकी माझ्याखेरीज प्रत्येकाचं एक कार्ड तयार केलं. गाव, घरची माणसं, पाळीव प्राणी, ताजी घडामोड. आणि कानात सांगायचं ते मराठीत, त्यामुळे कितीही मोठ्यानं पुटपुटलं तरी चालायचं.

"हिरवी बॅग. आई शिक्षिका. केमिस्ट्रीत घसरलाय, तो विषय काढू नकोस."

"ही गिटारवाली. बॉयफ्रेंड नवा आहे, जुन्याचं विचारू नकोस."

मी विचारायचे, मुलं खुलायची. पण एका दिवशी बसस्टॉपवर लाल टोपीवाला एक मुलगा दिसला. वारा होता, बस शेजारीच घरघरत होती. हे म्हणाले, "आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. कुत्रीला पिल्लं व्हायचीत." बसच्या आवाजात मला माणसं आणि प्राणी एकमेकांत मिसळून ऐकू आले. मी मुलाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "कुत्री कशी आहे आता? खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणे, चालते का? आणि आजीची गोड बातमी ऐकली. किती व्हायची अपेक्षा आहे?"

मागून हे कळवळून ओरडले, "उलट! अगं, उलट!"

मग तो पोरगा जो हसायला लागला, तो फुटपाथवर बसलाच. बस निघून गेली. त्यानं तिथल्या तिथे आजीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वर्गातल्या डॉक्टरबाईंचा म्हणून माझा प्रश्न तिला जसाच्या तसा सांगितला. मग खरखरीत आवाजात ती म्हणाली, "त्या डॉक्टरांना सांग, या वयात एक झालं तरी पुष्कळ!" मी आणि हे एकमेकांना धरून उभे होतो. यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हातातली कार्डं वाऱ्यानं उडून बर्फावर पसरली होती. ती आम्ही तिघांनी मिळून गोळा केली.

लाल टोपी सातव्या गटातला होता. हे गट समजून घ्यायला हवेत. बाईंनी वर्गाचे सात गट केले होते आणि प्रत्येक गटाचं मिळून एकच मत. पहिले तीन गट श्रीमंतांचे, त्यांत दोन-दोनच माणसं. पुढचे तीन पाच-पाच जणांचे. आणि सातवा गट गरिबांचा, त्यात चौदा जण कोंबलेले. मतदान वरून सुरू व्हायचं. प्रत्येक गटानं दोन नावं द्यायची (एक जागा भरली की पुढच्यांनी एकच), आणि चार गट मिळाले की उमेदवार निवडून आला. दोन्ही जागा भरल्या की मतदान बंद. म्हणजे श्रीमंतांचं एकमत झालं, तर गरिबांची पाळीच यायची नाही.

"खऱ्या रोममध्येही असंच?" मी विचारलं.

"असंच," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं हा खेळ घेतेय, माझ्या वर्गात सातव्या गटानं एकदाही मत दिलेलं नाही."

मी घरी येऊन यांना म्हटलं, "मग त्या चौदा जणांमागे वेळ घालवायला नको. त्यांची कार्डं काढून टाका."

हे कार्डं छातीशी धरून म्हणाले, "जमणार नाही. पाठ झालीत माझी. त्या मुलांना रोज भेटतो मी." आणि विषय संपला.

भाषणांच्या दिवशी उंच मुलीनं कहर केला. रोमची जुनी घराणी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरात ठेवायची आणि मिरवायची. तिनं कागदी प्लेटांवर सात पूर्वज रंगवून आणले होते, एकेकाला नाक वेगळं, भुवया वेगळ्या, आणि तिच्या मैत्रिणी ते तोंडाला लावून रांगेनं आत आल्या. प्रत्येकाचा पराक्रम तिनं तालात सांगितला. टाळ्या थांबेनात. बूटवाल्यानं ऑलिव्हवर बोलून वेळ निभावली.

मग मी. मी दोन पानं लिहून आणली होती, पण रांगोळीनं अक्षरं पुसट झाली होती आणि चष्म्यावरही रांगोळीच. पस्तीस जोड्या डोळे माझ्याकडे. माझ्या कामात माणसं माझं एक वाक्य पुरतं ऐकायच्या आत झोपी जायची. इतक्या जाग्या माणसांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते.

"माझ्याकडे मुखवटे नाहीत," मी म्हटलं. "माझे वडील तालुक्याच्या गावी पोस्टात होते. आजोबा काय करायचे ते मला नीट माहीत नाही. या देशात आमच्या घरातून पहिली मी आले. पण बाईंनी सांगितलंय की ज्याच्याकडे मुखवटे नसतील त्यानं लढाईतल्या जखमा दाखवायच्या."

आणि मी धोतर बाजूला करून पँटचा पाय गुडघ्याच्या वर दुमडला. चांगला वीतभर व्रण आहे माझा, सरळ उभा, टाक्यांच्या खुणांसकट.

वर्गातून "ओऽह!" असा एक आवाज निघाला. मागून कुणीतरी विचारलं, "कुठली लढाई?"

"बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी होते, ती," मी म्हटलं. "आणि नीट बघा, जखम पुढून आहे. पाठ दाखवून पळाले असते तर मागून असती."

मुलं बाकं बडवायला लागली. बाईंनी तोंडावर हात धरला होता. उंच मुलगी उभी राहून टाळ्या वाजवत होती, मुखवट्यांसकट. मला पँट खाली करायचं भानच राहिलं नाही. मी तशीच, एक पाय उघडा, जागेवर येऊन बसले. यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मतदान दोन दिवसांनी. उंच मुलीनं पहिले चारही गट सरळ खिशात घातले. दुसऱ्या जागेसाठी पाच गटांनंतर मला तीन आणि बूटवाल्याला दोन. सहावा गट मत द्यायला उठला, त्यातली गिटारवाली माझ्याकडे बघून हसली, आणि त्याच क्षणी इमारतीचा फायर अलार्म वाजला. वरच्या मजल्यावर कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले होते.

बूटवाला टेबलावर चढला. दोन्ही हात वर. "देवराज ज्युपिटरचा कौल! अपशकुन! मतदान रद्द!"

"असं करता येतं?" मी ओरडले.

"येतं!" बाईही ओरडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की विचारू नका. "आकाशात गडगडलं तर सभा मोडायची. सगळे बाहेर! पहिल्यापासून!"

आम्ही बाहेरच्या हिरवळीवर गेलो. एप्रिलचं ऊन होतं, गवत ओलं होतं, अलार्म आत बोंबलत होता, आणि अग्निशामक दलाची माणसं आमच्याकडे, म्हणजे मुख्यतः माझ्या धोतराकडे, बघत आत चालली होती. बाईंनी बुटांच्या जोड्या ठेवून सात गटांच्या जागा आखल्या. पुन्हा मतदान. उंच मुलगी पुन्हा लगेच आली. पण ज्युपिटरची थोडी धास्ती काही जणांनी खरोखरच घेतली असावी, कारण एक गट माझ्याकडून बूटवाल्याकडे सरकला. सहाव्या गटानं मला हात दिला. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तीन आणि तीन."

सगळे सातव्या गटाकडे वळले. ते चौदा जण गवतावर लोळत होते, दोघं तर चक्क झोपले होते. आपलं काम लागणारच नाही, ही त्यांची खात्री.

"तुमची पाळी," बाई म्हणाल्या.

"आमची?" लाल टोपी उठून बसला. "खरंच आमची?"

मग जो गोंधळ उडाला! झोपलेल्यांना हलवून उठवलं. कुणी म्हणालं, आधी मागण्या मांडू. कुणी म्हणालं, आधी घोषणा. बूटवाला धावत त्यांच्याकडे गेला आणि पहिल्याच मुलाचा हात धरून म्हणाला, "मित्रा..." आणि पुढे त्याला नावच आठवेना. इकडे हे माझ्या शेजारून, कार्ड न बघता, एकेकाकडे बोट दाखवून मराठीत सांगत होते, "याचा भाऊ नौदलात, हिची काल मुलाखत होती, याला शेंगदाणे चालत नाहीत."

एकेकानं पुढे येऊन मत दिलं. नऊ मला, पाच त्याला.

मी नाचले असं मुलीला पाठवलेल्या व्हिडिओत दिसतं. मला आठवत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवलेला नाही. लाल टोपीवाल्यानं ओरडून आजीला फोनवर निकाल सांगितला. बूटवाला आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "ज्युपिटर तुमच्या बाजूचा निघाला." मुलीचा मेसेज आला: "ओ माय गॉड आई. आणि बाबा का रडतायत?"

हे म्हणाले, पोलनच्या ॲलर्जीमुळे.

पुढे राज्य करायची वेळ आली तेव्हा कळलं की दोन कॉन्सल असण्यात मेख काय आहे. एकानं काही ठरवलं की दुसरा ते एका शब्दात मोडू शकतो. मी पहिल्याच दिवशी सातव्या गटाला धान्य वाटायचा ठराव मांडला.

"व्हेटो," उंच मुलगी म्हणाली.

तिनं स्वतःच्या विजयाची मिरवणूक मांडली. "व्हेटो," मी म्हणाले. तिनं रस्ता मांडला, मी मोडला. मी नळ मांडला, तिनं मोडला. बाई म्हणाल्या, "थोडं बोलून बघा ना एकमेकींशी," आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "व्हेटो!" तीन आठवड्यांत रोममध्ये एक वीटही हलली नाही. पण वर्गाबाहेर ती मला हात धरून बसपर्यंत पोचवायची आणि वाटेत तिच्या वडिलांबद्दल, पोहणं सोडावंसं वाटतंय त्याबद्दल, सांगत राहायची. मी ऐकायचे. तिथे व्हेटो म्हणायचा मला अधिकार नव्हता. घरी मात्र मी तो शब्द बिनदिक्कत वापरायला लागले. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, व्हेटो. कारल्याची भाजी, व्हेटो. हे म्हणाले, "मला कॉन्सल कर नाहीतर तू राजीनामा दे."

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात उंच मुलीनं आणि मी मिळून एकच ठराव आणला, आणि दोघींनी तो मोडला नाही. शेवटचा तास बाहेर हिरवळीवर घ्यायचा. सगळ्यांनी आपापली सतरंजी आणावी.

त्या दिवशी सतरंज्या घेऊन निघताना बाई म्हणाल्या, "थांबा, एक राहिलं." रोमन लोक सालाला आकडा देत नसत. त्या वर्षी जे दोन कॉन्सल असतील त्यांच्या नावानं ते साल ओळखायचे. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत आमच्या दोघींची नावं लिहिली, तिचं तिच्या स्पेलिंगनं आणि माझं त्यांना जमेल तसं, आणि खाली लिहिलं, 'यांच्या साली'. आम्ही दोघींनी फळ्याखाली उभं राहून फोटो काढला. हे म्हणाले, "जवळ सरका, अजून सरका," आणि त्यांचा अंगठा फोटोत आला.

आम्ही बाहेर पडतोय तोवर, खोली रिकामी होतेय असं बघून, दुसऱ्या वर्गाची मुलं आत शिरत होती, बहुतेक स्टॅटिस्टिक्सची. त्यांच्यातल्या एकीनं फळ्याकडे पाहून शेजारणीला विचारलं, "हू आर दे?"

"आय डोंट नो," शेजारीण म्हणाली, आणि तिनं डस्टर उचललं.

उंच मुलगी माझ्या दंडाला धरून कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकली आणि आम्ही दोघी हसत राहिलो, हसत राहिलो, एकमेकींकडे बघितलं की पुन्हा हसत राहिलो. बाई दारात आमची सतरंजी घेऊन उभ्या होत्या. "चला," त्या म्हणाल्या, "ऊन जाईल."